‘दुखतंय, पण चारच लिहा’: स्वतःची लक्षणं स्वतः कळवणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ५९ वर्षांच्या. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मालाची आवक-जावक सांभाळण्यात नोकरी गेली, त्यामुळे आकड्यांशी जुनी ओळख. स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, मग हार्मोनच्या गोळ्या, आणि काही वर्षांनी तोच आजार मणक्यात, कमरेच्या हाडात आणि यकृतात परत आलेला. आता उपचार चालू राहतील ते आजार आटोक्यात ठेवण्यासाठी, तो मुळापासून जाणार नाही, हे त्यांना, त्यांच्या यजमानांना आणि मुलाला स्पष्ट सांगून झालं होतं. घरात त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही.

हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीचं नाही, हे आधीच सांगतो. प्रगत कर्करोगाच्या रुग्णांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं आणि अभ्यासांतही नोंदलं गेलंय, ते एका काल्पनिक रुग्णाभोवती बांधलं आहे. अभ्यासांचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध झालेले, खरे आहेत.

उपचार आणि प्रश्नावली

कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी, असं चक्र होतं. हाडांसाठी महिन्याला एक इंजेक्शन. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या, कमी मात्रेत. डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी. मधल्या काळात दर सोमवारी सकाळी मोबाइलवर प्रश्नावली यायची, आणि ओपीडीला आल्यावर तीच पुन्हा तिथल्या टॅबवर भरायची.

प्रश्नावलीचा पहिला भाग जुना आणि सगळीकडे वापरला जाणारा. कॅनडातल्या एडमंटन इथे एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेली ही पद्धत, आज वापरली जाते त्या रूपात: वेदना, थकवा, मळमळ, गुंगी, भूक, दम लागणं, उदासी, चिंता आणि एकूण बरं वाटणं, प्रत्येकाला ० (त्रास नाही) ते १० (सगळ्यात जास्त त्रास) मधला एक आकडा. दुसऱ्या भागात आकडे नव्हते, शब्द होते. गेल्या सात दिवसांत जुलाब, बद्धकोष्ठता, हातापायांची आग किती झाली? अजिबात नाही, थोडी, मध्यम, जास्त, खूप जास्त. अशा प्रश्नांचा मोठा साठा अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने तयार केला आहे. ७८ लक्षणांसाठी १२४ प्रश्न. सगळे कोणी विचारत नाही, त्या त्या औषधाला लागतील तेवढे निवडतात. शेवटी ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ अशी एक मोकळी चौकट. ती बहुतेक जण रिकामी सोडतात.

कुठलाही आकडा ७ किंवा त्याच्या वर गेला, मागच्यापेक्षा ३ ने वाढला, किंवा शब्दांच्या प्रश्नाला ‘खूप जास्त’ असं उत्तर आलं, की नर्सच्या यादीत नाव लाल व्हायचं. बाकीच्या नोंदी आलेख म्हणून फाइलमध्ये जमा.

हा सगळा खटाटोप का, तर डॉक्टरांच्या नोंदीत रुग्णाचा त्रास कमी उतरतो म्हणून. इटलीत १,०९० रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. भूक जाणं, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, जुलाब आणि केस गळणं ही सहा लक्षणं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: रुग्णाने ‘आहे’ म्हटलेला त्रास डॉक्टरांच्या कागदावर न आल्याचं प्रमाण लक्षणागणिक ४०.७ टक्क्यांपासून ७४.४ टक्क्यांपर्यंत. ‘खूपच’ म्हटलेला त्रासही १३ ते ५० टक्के वेळा सुटलेला. डॉक्टर निष्काळजी होते असा याचा अर्थ लावायची गरज नाही. भेटीचा वेळ स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट आणि पुढचं चक्र यांत जातो, आणि रुग्णही त्या खुर्चीवर बसताना जरा सावरून बसतो.

म्हणून रुग्णालाच थेट विचारावं, इथवर कोणाचा वाद नाही. या प्रकरणात दिसतं ते त्याच्या पुढचं. थेट विचारलं तरी रुग्ण उत्तर देतो ते कोणाला तरी, आणि त्या उत्तराचं पुढे काय केलं जाईल याचा हिशेब करून. ताप मोजावा तसं ते मोजमाप नसतं.

सरळ रेषेचे आठवडे

पहिल्या दोन चक्रांत आलेख जवळपास सपाट राहिला. वेदना ३, थकवा ३, मळमळ १, चिंता २. हातापायांची आग ‘थोडी’. डॉक्टरांनी आलेख पाहून ‘गोळ्या छान सोसताहेत’ असा शेरा लिहिला, आणि समोरच्या माहितीवर तो चुकीचाही नव्हता.

तिसऱ्या भेटीला वेटिंगमध्ये टॅब भरून घेणाऱ्या नर्सच्या लक्षात एक गोष्ट आली. काकू स्क्रीनवर बोटाच्या टोकाने टिचकी मारत नव्हत्या. तर्जनी दुमडून, मधल्या सांध्याच्या हाडाने उत्तरं निवडत होत्या. हातापायांच्या आगीचा प्रश्न आला तेव्हाही तसंच, बोट दुमडून ‘थोडी’.

“काकू, बोट दुखतंय का?”

“नाही हो, सवय.”

“बघू हात.”

तळवे लालभडक होते. बोटांच्या पेरांवर कातडी सोलवटलेली, अंगठ्याच्या बुडाशी दोन चिरा. ब्लाउजची हुकं गेले दहा-बारा दिवस यजमान लावून देत होते, हे नंतर कळलं. ‘थोडी’मध्ये बसणारं यातलं काहीच नव्हतं.

“मग ‘थोडी’ का लिहिता?”

“जास्त लिहिलं तर गोळ्या थांबवाल ना, सिस्टर.”

आणि गोळ्या थांबवल्याच. कॅपेसिटाबीनमुळे हातापायांचा त्रास रोजच्या कामांत अडथळा आणू लागला, की तो उतरेपर्यंत औषध थांबवायचं आणि गरजेप्रमाणे पुढची मात्रा कमी करायची, ही ठरलेली रीत आहे. म्हणजे काकूंचा अंदाज अगदी बरोबर होता. ‘रुग्ण खरं सांगत नाहीत’ अशी तक्रार ज्यांना करायची असेल त्यांनी आधी हे पाहावं: ज्या नोंदीवरून औषध बंद होऊ शकतं ती नोंद रुग्णाकडूनच भरून घेतली जाते, आणि ते औषध म्हणजे आपण आणि आजार यांच्यामधली शेवटची भिंत, असं त्याला वाटत असतं. अशा वेळी ‘थोडी’ लिहिणं हा वेडेपणा नाही. उपलब्ध माहितीवर घेतलेला निर्णय आहे. त्या माहितीत काय कमी होतं, ते डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं. त्रास लवकर कळला तर थोडे दिवस थांबून पुन्हा सुरू करता येतं. चिरा पडेपर्यंत रेटलं तर खंड लांबतो आणि मात्राही जास्त उतरवावी लागते. मात्रा बदलण्याची सोय या औषधाच्या आखणीतच आहे, हेही. गोळ्या सुरू करतानाच हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा जे छापील पत्रक दिलं होतं, त्यात ‘हातपाय दुखल्यास त्वरित कळवा’ एवढंच होतं. कळवल्यावर काय होईल, ते नव्हतं.

हा प्रकार जुनाच. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक सॅन्ड्रा वॉर्ड यांनी कर्करोगाचे रुग्ण वेदना का सांगत नाहीत याचा शोध घेऊन १९९३ मध्ये एक प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. त्यांत आलेली कारणं आजही कुठल्याही ओपीडीत ऐकू येतात: औषधाचं व्यसन लागेल, आता घेतलं तर पुढे लागू पडणार नाही, दुष्परिणाम होतील, सुया टोचतील, दुखणं म्हणजे आजार वाढल्याची खूण, कर्करोगात दुखायचंच, चांगला रुग्ण कुरकुर करत नाही, आणि आपण दुखण्याबद्दल बोलत बसलो तर डॉक्टरांचं लक्ष मूळ आजारावरून उडेल. काकूंच्या बोलण्यात यांतली निदान चार कारणं वेगवेगळ्या वेळी येऊन गेली. शेवटचं तर त्यांनी जवळजवळ याच शब्दांत म्हटलं: “डॉक्टरांना आधी यकृताचं बघू दे.”

दहा राखून ठेवलेत

हात बरे होत असताना नर्सने एकदा निवांत बसून आकड्यांबद्दल विचारलं. वेदनेला नेहमी ३ किंवा ४ कसं काय?

“मूल झालं तेव्हाचं दुखणं मी आठ धरते. त्याच्या मानाने हे चार.”

“आणि नऊ, दहा?”

“ते राखून ठेवलेत. पुढे लागतील.”

स्टोअर सांभाळलेल्या माणसाचं उत्तर. पण यात विनोदाच्या पलीकडेही बरंच आहे. ‘दहा म्हणजे तुम्ही कल्पना करू शकाल तितकी जास्त वेदना’ असं प्रश्नावली सांगते. ज्याला आजार वाढणार हे ठाऊक आहे, त्याच्या कल्पनेत पुढचे महिने आलेले असतात. तो पट्टीची वरची टोकं खर्चच करत नाही. शिवाय आजार मुरत जातो तशी मोजायची पट्टीही आतल्या आत सरकते. वर्षापूर्वी जो थकवा ६ वाटला असता तो आता ३ वाटतो, कारण ‘नेहमीचं’ म्हणजे काय हेच बदललेलं असतं. संशोधकांनी या सरकण्याचा भरपूर अभ्यास केला आहे. रुग्णाच्या दृष्टीने ती चूक नव्हे, जुळवून घेणं आहे. आलेख वाचणाऱ्याला मात्र ती सरळ रेषा दिसते आणि तो निश्चिंत होतो.

दुसरा पेच वेळेचा. एडमंटनच्या पद्धतीच्या सुधारित आवृत्तीत प्रश्न ‘आत्ता कसं वाटतंय’ असा आहे. काकू तो सोमवारी सकाळी, चहा आणि मॉर्फिनची गोळी झाल्यावर, खुर्चीत ताठ बसून भरायच्या. त्या क्षणाला ४ हे उत्तर खरंच होतं. रात्रीचं दुखणं त्या प्रश्नात कुठे बसणार?

मुलाने भरलेले आकडे

तिसऱ्या चक्राच्या सुमारास आलेख अचानक उडायला लागला. थकवा ७, उदासी ६, भूक पार गेलेली. नाव लाल झालं, नर्सचा फोन गेला. फोन मुलाने उचलला. आईला डोळ्यांना त्रास होतो म्हणून आता प्रश्नावली तोच भरत होता.

“आई दिवसभर पडून असते, सिस्टर. विचारलं तर म्हणते बरं आहे. मी बघतो ना समोर.”

मग फोन आईकडे. “काही नाही हो. त्याला उगाच काळजी.”

यात खरं कोणाचं? सवयीने आपण रुग्णाची बाजू घेतो आणि ते तत्त्व म्हणून बरोबर आहे. वेदना ज्याची त्यालाच कळते. घरची माणसं रुग्णाच्या त्रासाला बहुधा रुग्णापेक्षा जास्त आकडा देतात, हेही अनेकदा दिसलं आहे. त्यांच्या आकड्यात त्यांची स्वतःची धास्ती मिसळलेली असते. तरीही मुलाला खोटं ठरवता येत नव्हतं. दिवसातले किती तास आई अंथरुणात असते, ताटात किती उरतं, हे त्याला दिसत होतं आणि काकू ते सांगत नव्हत्या. उदासीच्या ६ बद्दल मात्र तो केवळ अंदाज बांधत होता, आणि तोही स्वतःवरून.

टीमने प्रश्नावलीत एक ओळ वाढवली: ‘हे कोणी भरलं? रुग्णाने, घरच्यांनी, दोघांनी मिळून.’ आणि मुलाला सांगितलं, आकडा आईचाच लिही, तुला जे दिसतं ते खालच्या चौकटीत लिही. एवढ्याने दोन गोष्टी झाल्या. आईचे आकडे पुन्हा आईचे झाले. आणि ती रिकामी राहणारी चौकट पहिल्यांदा वापरात आली. मुलाच्या नोंदी लांबलचक असायच्या, थोड्या चिडलेल्याही, पण कामाच्या. ‘काल दोनदा जेवायला बसली, दोनदा उठली.’ यावरून जे कळतं ते भुकेच्या ५ वरून कळत नाही.

घरात काय झालं हे नोंदीत नाही, पण अंदाज करता येतो. आपण लपवलेलं आपल्या मुलाने परक्याला लिहून कळवायचं, हे कुठल्या आईला आवडेल? दोन आठवडे काकू नर्सशी तुटक बोलल्या.

उत्तर न आलेला शुक्रवार

या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला प्रसंग दिसायला अगदी किरकोळ आहे.

मॉर्फिनची मात्रा वाढवली होती. मॉर्फिनने येणारी मळमळ आणि गुंगी काही दिवसांत बहुतेकांची ओसरते; बद्धकोष्ठता ओसरत नाही. शरीराला तिची सवय होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून आणि रोज द्यावं लागतं. इथे ते ‘गरज वाटल्यास’ असं लिहून दिलं होतं. काकूंना गरज वाटली तोवर पाच दिवस उलटले होते. शुक्रवारी संध्याकाळी, सोमवारची वाट न पाहता, त्यांनी आपणहून अ‍ॅप उघडलं आणि बद्धकोष्ठतेला ‘खूप जास्त’ निवडलं. इतक्या आठवड्यांत त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टीचं टोक गाठलं ते पहिल्यांदा.

स्क्रीनवर आलं: ‘आपली नोंद मिळाली आहे. धन्यवाद.’

शनिवार-रविवार यादी बघायला कोणी नव्हतं. सोमवारी नर्स रजेवर. बदलीवर आलेलीने मंगळवारी फोन केला. तोवर मुलाने औषधाच्या दुकानातून काहीतरी आणून वेळ निभावली होती. काकू फोनवर अगदी गोड बोलल्या. “झालं आता, ठीक आहे.” पुढच्या दोन सोमवारी प्रश्नावली आली नाही. तिसऱ्या सोमवारी आली ती सगळीकडे ३ लिहून.

त्या ३३३च्या रांगेचा अर्थ लागायला फारशी हुशारी लागत नाही. सांगून काही होत नसेल तर सांगायचे कष्ट कोण घेईल? आजारी माणसाला मोबाइल हातात घेऊन बारा-पंधरा प्रश्नांची उत्तरं देणं हे काम आहे, आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाने आपलं शरीर चाचपून पाहणं हे त्याहून मोठं काम.

इथे संशोधनातल्या गाजलेल्या निष्कर्षाकडे नीट पाहायला हवं. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर चाचणी केली. एका गटाने १२ लक्षणं नियमितपणे संगणकावरून कळवली, दुसऱ्याला नेहमीची सेवा. लक्षणं कळवणाऱ्या गटात जीवनाची गुणवत्ता सुधारलेले ३४ टक्के, दुसऱ्यात १८ टक्के. तातडीच्या विभागात जावं लागलेले ३४ टक्के, दुसऱ्यात ४१ टक्के. २०१७ मध्ये आयुर्मानाचे आकडे आले तेव्हा तर खळबळच उडाली: मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, दुसऱ्या गटात २६.०. नवं औषध निघालं असतं तर त्याचा डंका झाला असता. पण त्याच चाचणीतला एक आकडा मागे पडतो. त्रास वाढल्याची सूचना नर्सकडे गेली तेव्हा ७७ टक्के वेळा नर्सने त्यावर काहीतरी प्रत्यक्ष केलं. फोन, औषधात बदल, भेटीला बोलावणं. प्रश्नावलीच्या पलीकडच्या टोकाला माणूस होता आणि तो हलत होता.

पुढे अमेरिकेतल्या ५२ केंद्रांवर १,१९१ रुग्णांत मोठी चाचणी झाली. तिच्यात रोजची हालचाल, लक्षणांवर ताबा आणि जीवनाची गुणवत्ता सुधारली. आयुर्मानात मात्र ठोस फरक दिसला नाही. माझ्या मते यामुळे पद्धतीचं महत्त्व कमी होत नाही. प्रश्नावली स्वतः औषधाचं काम करत नाही, एवढं मात्र पुन्हा दिसतं. अ‍ॅप विकत घेणं सोपं असतं. शुक्रवारी संध्याकाळची नोंद कोण वाचणार, याचं वेळापत्रक लावणं अवघड असतं, आणि त्यासाठी पैसा मागितला की सगळे कागद चाळायला लागतात.

टीमने यानंतर दोन बदल केले. स्क्रीनवरचं ‘धन्यवाद’ काढून तिथे स्पष्ट लिहिलं: ही नोंद कधी वाचली जाईल, आणि त्याआधी त्रास वाढला तर कोणता नंबर फिरवायचा. दुसरं, न आलेल्या प्रश्नावलीलाही लाल खूण सुरू केली. गप्प झालेला रुग्ण बरा आहे असं धरून चालणं सगळ्यात धोक्याचं. जे जास्त आजारी तेच भरायचं आधी सोडतात.

काकूंचा विश्वास या बदलांनी परत आला असं मात्र नाही. तो आला नर्सने रजेवरून आल्यावर केलेल्या फोनने. तिने सारवासारव केली नाही. “तुम्ही शुक्रवारी कळवलंत, आम्ही मंगळवारी उठलो. चार दिवस तुम्ही काढलेत.” पलीकडून बराच वेळ काही नाही. मग काकूंनी विचारलं, “ते पोटाचं औषध रोज घ्यायचं का?”

पाठीतला पट्टा

पाचव्या चक्रातल्या एका सोमवारी आलेली प्रश्नावली अशी: वेदना ४. थकवा ५. बाकी मागच्यासारखंच. लाल खूण नाही. यंत्राच्या दृष्टीने दखल घेण्यासारखं काहीच नाही.

चौकटीत दोन ओळी होत्या, मुलाच्या नव्हे, काकूंच्या. ‘रात्री आडवं झालं की छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. चार रात्री बसून झोपते.’

नर्सने यादीतली लाल नावं बाजूला ठेवून पहिला फोन तिथे केला.

“दिवसा बसल्यावर दुखतं?”

“बसल्यावर चारच.”

“खोकल्यावर, शिंकल्यावर?”

“तेव्हा कळ येते.”

“पायांना काही? जिना चढताना?”

“डावा पाय जरा जड वाटतो. परवापासून. चप्पल निसटते.”

“लघवीला अडतं का? पायांत मुंग्या, बधिरपणा?”

“ते नाही.”

मणक्यात पसरलेला कर्करोग मज्जारज्जूवर दाबायला लागतो तेव्हा बहुतेकांना आधी पाठ दुखते, आणि पायांतली ताकद जायला नंतर सुरुवात होते. मध्ये कधी काही आठवडेही जातात. आडवं झाल्यावर वाढणारं, खोकल्याने कळ येणारं, पट्ट्यासारखं घेरणारं दुखणं ही त्याची ओळखीची खूण. उपचार सुरू होताना रुग्ण चालत असेल तर पुढेही चालण्याची शक्यता चांगली. पाय गेल्यावर आला तर ते परत येण्याची शक्यता फार कमी. म्हणून ही तातडीची बाब मानतात. त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालं, पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. छातीच्या पातळीवरच्या एका मणक्यातून गाठ आत सरकली होती. शस्त्रक्रियेचा विचार झाला; यकृताची अवस्था पाहता रेडिएशन ठरलं, पाच बैठका. काकू काठी घेऊन का होईना, चालत घरी गेल्या.

चौकटीत लिहिलं म्हणून वेळीच सापडलं, हे खरं. पण आकडा तेव्हाही ४ होता, आणि पद्धतीच्या नियमाप्रमाणे तो कोणी न पाहताच आलेखात जमा झाला असता. टीममध्ये यावर बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, मर्यादा ७ वरून ४ वर आणा. मग रोज साठ नावं लाल होतील आणि एकही नीट वाचलं जाणार नाही, असं नर्सचं म्हणणं, आणि मला ते पटतं. शेवटी हाडांत आजार असलेल्या रुग्णांसाठी तीन सरळ प्रश्न जोडले गेले: पाठीत नवं दुखणं आहे का, आडवं झाल्यावर वाढतं का, पाय जड वाटतात का. कुठल्याही एका ‘हो’ला लाल खूण.

आकड्यात नसलेली गोष्ट काकूंनी यावेळी का लिहिली, हा प्रश्न नर्सने नंतर त्यांना विचारला. उत्तर थोडं अनपेक्षित होतं. पोटाच्या औषधाचं नीट झालं होतं, आणि हातांच्या वेळी थांबवलेल्या गोळ्या खरोखरच पुन्हा सुरू झाल्या होत्या. “तुम्ही थांबवता, पण परत देता, हे बघितलं ना.”

पुढे

काही महिन्यांनी यकृतातला आजार वाढला. गोळ्या थांबवायच्या, आता फक्त त्रासावर उपचार, हा निर्णय काकूंनीच बोलून दाखवला. प्रश्नावली मात्र सवयीने येतच राहिली.

त्यांना ती नकोशी झाली होती, आणि कारण त्यांनी सांगितलं. चिंता किती, उदासी किती, या प्रश्नांनी सोमवार उगवतो. एरवी जरा विसरायला झालेलं असतं. हे सगळ्यांचं होत नाही. काही जणांना तेच प्रश्न आधार वाटतात, या गोष्टी डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही अशी जणू परवानगी मिळते, आणि भेटीत काय सांगायचं याची आठवणही राहते. काकूंनाही सुरुवातीला तसं वाटलं असेल. आजार सरकतो तसा प्रश्नांचा भारही बदलतो, आणि एकदा ‘हो’ म्हटलं म्हणून शेवटपर्यंत भरत राहावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

टीमने मग सगळी प्रश्नावली बंद करून एकच प्रश्न ठेवला, तोही फोनवर. उपशामक सेवेत, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेत, वापरल्या जाणाऱ्या, लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये विकसित झालेल्या एका प्रश्नावलीची सुरुवात अशीच होते: गेल्या काही दिवसांत तुमची मुख्य अडचण किंवा काळजी कोणती?

पहिल्या फोनला उत्तर आलं, “मुलाची रजा संपत आली.”

ना वेदना, ना दम. समाजसेविकेने मुलाशी बोलून आळीपाळीने कोण थांबेल याची व्यवस्था बसवली. यजमानांना मॉर्फिनचं द्रावण मोजून द्यायला शिकवलं, कारण तोवर ते काम फक्त मुलालाच येत होतं. पुढच्या फोनला काकूंनी वेदनेबद्दल सांगितलं. विचारलं नव्हतं तरी आकडा दिला: “सात धरा.” मात्रा त्याच दिवशी वाढवली.

शेवटचे पाच-सहा आठवडे असेच गेले, आठवड्यातून दोन फोन. बोलणं झालं ते नर्सने काकूंच्याच शब्दांत टिपून ठेवलं. गुंगी वाढल्यावर यजमान सांगायचे, आणि नर्स लिहिताना ‘यजमानांनी सांगितलं’ असं आधी लिहायची.

यातली एक अडचण सुटलेली नाही. फोनवरच्या या नोंदी फाइलमध्ये मजकूर म्हणून राहतात आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर आधी आलेख उघडतो. एका रात्री काकूंना दम लागला म्हणून घरच्यांनी फोन केला, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दिसला तो सहा आठवड्यांपूर्वी ४ वर थांबलेला आलेख. खालच्या नोंदी सापडायला त्यांना वेळ लागला. त्या आलेखाशेजारीच उघडाव्यात अशी मागणी टीमने सॉफ्टवेअर बघणाऱ्यांकडे दिली आहे. तोवर नर्सने प्रत्येक आलेखावर हाताने एक ओळ टाकायला सुरुवात केली आहे: ‘यापुढचं खाली वाचा.’